उजळलेल्या चांदीतली काळी वाकी

१

शहात्तर सालच्या संक्रांतीला कोरेगावच्या सुभेदार हंबीररावांच्या घरी चोरी झाली, आणि चोरीनंतर घरातली चांदी वाढली. असली चोरी तालुक्यात कुणी ऐकली नव्हती.

फौजेतून निवृत्त झालेली माणसं गावी येऊन बहुधा बांधावरची भांडणं उकरून काढतात. हंबीररावांनी जुनी चांदी जमवायला घेतली. बहात्तरच्या दुष्काळात जत-आटपाडीकडची चांदी पोत्यांनी सराफांकडे येत होती आणि सराफ ती सरळ आटवत होते. हंबीरराव साताऱ्याच्या पेढीवर जाऊन भट्टीशेजारी बसायचे आणि मनात भरेल तो दागिना आगीत जायच्या आत उचलायचे. तोडे, वाळे, सऱ्या, पैंजण, देवांचे टाक, असं करता करता सागवानी कपाट भरलं. प्रत्येक दागिन्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर दागिन्याचं नाव, मुलूख आणि वजन. आता सांगलीच्या एका वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि सुभेदारांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे मेहुणे लालासाहेब तिळगुळाचा डबा घेऊन कुंडलहून आले. लालासाहेब पोलीस खात्यातून जमादार होऊन घरी बसलेले, अंगानं जाडजूड, बोलायला धिमे. बहिणीच्या हातचा चहा पिऊन दोन दिवस लोळावं, एवढाच त्यांचा बेत होता.

"पाव्हणं, बरं आलासा," हंबीररावांनी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. "हितं केस उभी ऱ्हायलीया. कपाटातनं टाक गेला. देवीचा, जतकडचा."

"बाकी?"

"बाकी समदं जाग्यावर. आन् टाकाच्या जागी ही."

त्यांनी पुढ्यात एक वाकी ठेवली. दंडात घालायची, जाड, भरीव चांदीची, पण वापरून काळी पडलेली. टाकाच्या चौपट तरी चांदी तिच्यात असेल. लालासाहेबांनी ती हातात घेऊन फिरवली.

"चोर लय दिलदार दिसतोय, दाजी."

"दिलदार कसला. आकाराम हाय त्यो." आकाराम म्हणजे साताऱ्याचा चांदी उजळणारा कारागीर. प्रदर्शनासाठी सगळे दागिने उजळायला हंबीररावांनी त्याला भोगीच्या दिवशी घरी बोलावलं होतं. "फौजेच्या स्टोअरमधी असंच चालतं. एक नग गायब केला की त्या जागी दुसरा कसला बी ठिवायचा. गिनती जुळली की साहेब खूष. कुणाची तरी वाकी आणली आन् दिली ठिवून. पर मी काय गिनती बघून गप बसनारा न्हवं."

चहाचा कप पुढं ठेवत हंबीररावांची बायको बनुबाई म्हणाली, "आकारामानं न्हाई घेतला."

"तुला काय ठावं?"

"त्यानं न्हाई घेतला, एवढंच." आणि ती आत निघून गेली. आपली बहीण पहिल्यापासून गरिबांच्या बाजूची आहे, असं लालासाहेबांना वाटलं आणि जरा बरंही वाटलं.

"अजून कुणाजवळ बोलू नका, दाजी. उद्या बघू."

"बोलू नगा काय? दुपारच्या गाडीनं साताऱ्याला जाऊन पेढीवर सांगून आलो मी. समद्यांदेखत."

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. चांदी उजळणाऱ्याचं दुकान भांडवलावर चालत नाही, लोकांच्या भरवशावर चालतं. तो एकदा गेला की आकारामानं पोट कशावर भरायचं? वाकी पुन्हा हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेली. चांदीला वास नसतो. हिला होता.

२

साताऱ्याच्या सराफ कट्ट्यावर आकाराम आपल्या ओट्यावर बसला होता. रिठ्याच्या पाण्याची कढई थंड, कुंचले कोरडे, पुढ्यातली पेटी रिकामी.

"कालपासनं लोक आपापलं जिन्नस माघारी न्ह्यायला लागल्यात," तो म्हणाला. "भांडत कुनी न्हाई. नुसतं म्हणत्यात, घाई न्हाई, मागनं बघू. सुभेदारांसारखा माणूस बोलला म्हंजे खरंच असंल, असं वाटनारच की. मी तरी काय बोलू?"

"भोगीदिवशी काय काय केलंस?"

"सुभेदारांच्या वसरीवर बसलो. एकेक जिन्नस उजळला, पुसला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाटात ठिवला. समदं झाल्यावर कुलूप लावलं, ते बी माझ्यासमोरच. सुभेदार तोवर समोरनं हललं न्हाईत."

"अन् त्या टाकाचं काय ध्यानात हाय?"

"पाठ लय गुळगुळीत झाली हुती. बाकी काय न्हाई."

लालासाहेबांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांना हवं होतं ते कढईतच दिसलं होतं. गिनती जुळवून सुभेदारांच्या डोळ्यांत धूळ फेकायची, तर हा माणूस ती वाकी काळीच ठेवील? लखलखीत चांदीत एक काळा दागिना म्हणजे दुधात माशी. याच्या तर हातात रिठ्याचं पाणी होतं, निम्म्या घटकेचंही काम नव्हतं. वाकी कपाटात गेली ती आकाराम गेल्यावर, आणि ती ठेवणाऱ्याला फसवाफसवी करायचीच नव्हती.

मग राहिला सयाजी. हा सांगलीचा, जुन्या दागिन्यांचा व्यापारी. संक्रांतीच्या दुपारी तो हंबीररावांकडं जाऊन कपाट बघून आला होता आणि अजून साताऱ्यातच पेढ्या पालथ्या घालत होता. पेढीच्या पायरीवरच तो भेटला.

"मला जतचं तोडं पायजे हुतं," तो उघडच म्हणाला. "सुभेदार द्यायचं न्हाईत. कपाटात आलेलं बाहीर जात न्हाई, ह्यो त्यांचा नियम. बोलून बोलून घसा कोरडा पडला."

"अन् टाक?"

सयाजी मोकळेपणानं हसला. "आवं जमादार, पातळ पत्रा त्यो, नाक-डोळं बी झिजल्यालं. वाकी ठिवून टाक न्ह्यायचा असला येडा व्यापारी सांगलीत अजून जलमायचाय."

हे पटण्यासारखं होतं. व्यापारी नफ्याची चोरी करील, तोट्याची नाही.

परत निघण्याआधी लालासाहेब फोटो स्टुडिओत गेले. प्रदर्शनासाठी आठवड्यापूर्वी सगळ्या दागिन्यांचे फोटो वसरीवर चादर अंथरून काढले होते. गेलेल्या टाकाचा फोटो त्यांनी उजेडाकडे धरला. तळहातात मावेल असा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. देवीच्या टाकात चार हात असतात, त्रिशूळ असतो, तलवार असते. हिला दोनच हात होते आणि ते रिकामे होते. शिवाय टाकाच्या डोक्यावर एक कडी होती. देव्हाऱ्यात बसणाऱ्या देवाला कडी कशाला लागते?

३

एसटीच्या खिडकीशी बसून लालासाहेबांनी तो फोटो गुडघ्यावर ठेवला. पाठ गुळगुळीत झाली होती, असं आकाराम म्हणाला होता. म्हणजे पाठ कशावर तरी वर्षानुवर्षं घासली होती. कडीतून दोरा ओवून कुणीतरी तो गळ्यात घातला होता. कोरेगावचं वळण येईपर्यंत त्यांना उमगलं, आणि इतका वेळ कसं सुचलं नाही म्हणून त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की त्या दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची आपल्याकडे चाल आहे. सवतीचा टाक म्हणतात त्याला. सणावाराला पहिलं हळदकुंकू तिला. नवं लुगडं आलं तर ते आधी तिला लावायचं आणि मग आपण नेसायचं. मेलेलीचा मान राखला की ती जिवंत असलेलीला त्रास देत नाही, उलट पाठराखण करते. हंबीररावांच्या माहितीतल्या घरांत ही पुतळी सोन्याची, मण्याएवढी असते. एवढा मोठा चांदीचा टाक बघून त्यांनी बेधडक चिठ्ठी बांधली, 'देवी, जत भाग'.

म्हणजे टाक नेणारी कुणीतरी दुसरेपणाची बाई होती. तिनं चोरी केली नव्हती, बदल्यात स्वतःच्या दंडातली वाकी दिली होती. पण कोण?

घरी राहीबाई तांदूळ निवडत बसली होती. राहीबाई बनुबाईच्या हाताखाली बरीच वर्षं कामाला होती आणि तिला विचारावं लागत नसे, नुसतं शेजारी बसलं तरी पुरे.

"संक्रांतीला बाया लय आल्या असतील?"

"आवं, लय. बाईसाबांनी कपाट उघडून दावलं समद्यास्नी. पर हात कुनी लावला न्हाई. मीच हुते की दारात."

"समद्या गावातल्याच?"

"गावातल्याच. एक ती धनगरीण आल्ती, सुलाबाई. जतचं धनगर न्हाई का आपल्या रानात मेंढरं बसवत्यात, खतासाठी? त्यातली. पर ती आत आली न्हाई. अंगणातच बसली. बाया गेल्यावर बाईसाबांनी तिला वाण दिलं, लुगडं दिलं." राहीबाईनं सूप झटकलं. "लुगडं दिऊन उपेग काय? बाईसाब दरसाल देत्यात. ती नेसतच न्हाई. घडी घालून ठिवती आन् ठिगळाचंच नेसून हिंडती. येडी का काय."

 वाकीचा वास आता लालासाहेबांना नीट ओळखू आला. मेंढराच्या लोकरीचा तेलकट वास होता तो.

सगळं जुळत होतं, एक सोडून. सुलाबाई अंगणातून आत आलीच नव्हती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बनुबाईच्या कमरेला होती. लालासाहेब उठले. जुळणारी गोष्ट जुळू नये असं त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं.

४

ऊस तुटून गेलेल्या रानात बिराप्पाची मेंढरं बसली होती. बिराप्पा खोंडाच्या पायाला तेल लावत होता. सुलाबाई पालापुढं चूल सारवत होती. तिच्या अंगावर कोरं करकरीत हिरवं लुगडं होतं, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. उजव्या दंडात वाकी होती. डावा दंड मोकळा होता आणि उन्हानं रापलेल्या कातडीवर तिथं फिकट पट्टा उमटला होता.

लालासाहेब बांधावर टेकले. पाणी मागितलं, प्यायले, पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "लुगडं नवं दिसतंया."

सुलाबाई चूल सारवतच राहिली. बिराप्पाच म्हणाला, "चार वरसांनी नेसलीया."

"चार वरसं का न्हाई नेसली?"

बिराप्पा खोंडाचा पाय सोडून उभा राहिला. 

"बहात्तर साली मी टाक इकला," तो म्हणाला. "माझ्या पैल्या बायकोचा, लक्कव्वाचा. हिच्या गळ्यात असायचा. समदं इकून झालं हुतं, त्योच ऱ्हायला हुता. ही निजली हुती तवा काढून घेतला. पोरगं उपाशी हुतं. ते बी लक्कव्वाचंच पोरगं. ही मला एक शब्द बोलली न्हाई. पर तवापासनं नवं कापड अंगाला लावलं न्हाई. म्हनती, आदी तिला दावायचं, ती कुठाय?"

सुलाबाई उठून पुढं आली. चोळीच्या आतून तिनं काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्याला तो टाक होता, कपाळावर ओल्या कुंकवाचं बोट उठलेलं.

"सायबाच्या वसरीवर फोटू काढत हुते," ती म्हणाली, "मी जुंधळं आणाया गेल्ते. चादरीवर बघितली, वळखली. चोरी न्हाई केली, दादा. माझी वाकी दिली. फुकट आणली असती तर ती म्हनली असती, मला भीक मागून घरात घेतलीस."

"दाजींनाच का मागितला न्हाई?"

"मागितला की. ह्याच बांधावर. साहेब म्हनले, कपाटात आलेलं बाहीर जात न्हाई. ह्यो कुनाचा टाक, ते मी कसं सांगू? सांगितलं तर ह्यांनी मेलेली बायको इकली, असं गावभर झालं असतं."

"मग कपाटातनं काढून कुणी दिला?"

सुलाबाईनं टाक पुन्हा चोळीत ठेवला. "ते इचारू नगा. मी आन घेतलीया."

लालासाहेबांनी खरंच विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

५

दिवेलागणीला वसरीवर तिघंच होते. हंबीरराव आरामखुर्चीत, लालासाहेब जोत्यावर, बनुबाई दाराच्या चौकटीला टेकून. दोन दिवस ती जेवणावर नुसती बसून उठत होती, हे लालासाहेबांना आत्ता उमजलं.

त्यांनी एकेक गोष्ट सांगत नेली. काळी वाकी, थंड कढई, टाकाची कडी, लुगडं. आकारामाचा काही संबंध नाही, हे हंबीररावांना बोलता बोलताच पटलं. सवतीचा टाक म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला; बांधावर एक धनगरीण तो मागत होती, तेव्हा त्यांनी ते मनावरच घेतलं नव्हतं. पण माणूस फौजेतला, साखळीतली सुटलेली कडी त्यांना बरोबर दिसली.

"पर ती बाई आत आलीच न्हाई म्हनता. मग कपाट कुनी उघडलं?"

लालासाहेबांनी जन्मभर माणसांची नावं कागदावर चढवली, आणि आता एक नाव तोंडातून निघेना. आकाराम सुटला होता. हे नाव नाही घेतलं तर कुणाचं काय बिघडत होतं? त्यांनी मनाशी ठरवलंही, की म्हणायचं, ते काही कळलं नाही.

"मी उघडलं," बनुबाई म्हणाली.

हंबीररावांनी खुर्ची तिच्याकडं वळवली.

"बाया गेल्यावर ती अंगणात रडत बसली हुती. मला समदं सांगितलं आन् कुनाला सांगायचं न्हाई म्हनून आन घातली. मी टाक काढून दिला. वाकी नगं नगं म्हनत हुते, ती ऐकंना. मग ठिवली तुमच्या कपाटात. दुसरीकडं कुठं ठिवू? टाकाबदलीच दिल्याली ती." तिचा आवाज इथपर्यंत नीट होता. पुढं तो फुटला. "मला वाटलं, तुमी दोन दिवस वरडाल आन् इसराल. तुमी थेट साताऱ्याला जाऊन गरिबाचं नाव घ्याल, हे न्हाई वाटलं. तवापासनं घास उतरंना. बोलावं तर तिची आन मोडती, गप बसावं तर त्याचं पोट जातंय."

"मला इचारायचं हुतंस."

"इचारलं असतं तर काय म्हनला असता?"

हंबीररावांनी काय म्हटलं असतं ते तिघांनाही ठाऊक होतं.

"तुमी आगीतनं वाचवलं ते लय चांगलं केलं," बनुबाई जरा सावरून म्हणाली. "न्हाईतर आज टाकातली बाई कुणालाच सापडली नसती. पर तुमच्या चिठ्ठीवर मुलूख हाय, वजन हाय. एका तरी चिठ्ठीवर बाईचं नाव हाय का? ह्यातलं एक बी कुनी हौसेनं इकल्यालं न्हाई."

 हंबीरराव उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं लालासाहेब आत डोकावले तेव्हा सुभेदार कंदील जवळ घेऊन वाकीला चिठ्ठी बांधत होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वाकी. सुलाबाईची.' वजन घातलं नव्हतं.

"ही माघारी दिली तर घेईल का ती?" त्यांनी विचारलं.

"न्हाई घ्यायची."

"मग सांगलीला बी जायची न्हाई. ऱ्हाऊ दे घरात." त्यांनी दार लावलं. "पाव्हणं, उद्या माझ्यासंगं साताऱ्याला चला. एकट्याला जायला नगं वाटतंया."

६

सकाळी निघताना हंबीररावांनी फेटा बांधला आणि बनुबाईला देव्हाऱ्यासमोर बसवून काहीतरी सांगितलं. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि उठून तांबड्या फडक्यात एक गाठोडं बांधून दिलं. एसटीत ते गाठोडं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सराफ कट्टा नुकता उघडला होता. पेढीवर चार माणसं जमली होती. हंबीरराव पायरीवर उभे राहिले आणि परेडवर बोलावं तसं बोलले.

"परवा हितं उभा ऱ्हाऊन मी आकारामावर चोरीचा आळ घेतला. त्यो खोटा हुता. चूक माझी. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी हे बी ऐका."

 सराफानं मान हलवली, एकजण खाकरला, आणि लोक आपापल्या कामाला लागले. नुसत्या शब्दांनी भागत नाही हे लालासाहेबांना दिसलं. आळ घेतलेला सगळ्यांच्या ध्यानात राहतो, माफी कुणाच्याच नाही. सुभेदारांनाही ते ठाऊक असावं. ते तसेच चालत आकारामाच्या ओट्यापाशी गेले. आकाराम उभा राहिला. हंबीररावांनी ते तांबडं गाठोडं दोन्ही हातांनी त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"घरातलं देव हायती," ते म्हणाले, आणि समोरच्या पेढीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या आज्याच्या आदीपासनं पूजेत हायती. उजळून दे."

कट्ट्यावरचं बोलणं थांबलं. घरचे देव माणूस सहसा उंबऱ्याबाहेर काढत नाही. उजळायला काढलेच, तर ते उजळून फडक्यात परत बांधेपर्यंत मालक कारागिरासमोरून उठत नाही. रक्ताच्या भावानं उजळायचे असले तरी उठत नाही.

आकारामानं घाईनं ओट्यावर पोतं अंथरलं. "बसा, सुभेदार. तुमच्यासमोरच करतो."

"बसत न्हाई. चा पिऊन येतो. तू कर सावकाश."

आणि ते खरंच निघाले. पाठ ताठ, मागं न बघता, गल्लीच्या टोकाच्या हॉटेलाकडं. लालासाहेब मात्र दोन पावलांवर थांबले आणि वळले.

आकारामानं गाठोड्याला लगेच हात लावला नाही. नळावर जाऊन त्यानं हात धुतले. परत येऊन बसला, गाठ सोडली, आणि आतले देव बघून मनगटानं डोळे पुसले. मग तो पुन्हा उठला, पुन्हा हात धुतले आणि खंडोबाचा टाक उचलला.